माझ्या नावावर खपवलेला सीन

"याला विचारा ना. हा त्यांच्यातलाच आहे."

मॅडमनी पेनाचं टोक माझ्याकडे केलं. त्यांच्या सिरियल कंपनीचं ठाण्यातलं ऑफिस, काचेची मीटिंग रूम, समोर चॅनलची माणसं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"काय रे, हा सीन ऐकून राग आला का तुला? नाही ना? मग कुणालाच येणार नाही."

प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. मी तोंड उघडायच्या आत चॅनलचा माणूस हसला. "चला, सर्टिफिकेट मिळालं!" मग सगळेच हसले. कुणीतरी समोशांची प्लेट माझ्यापुढे सरकवली.

सीन असा. वस्तीतली दलित मुलगी लग्न करून बड्या घरात येते. ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली की सासू ओट्यावर गोमूत्र शिंपडते. मुलीला ते कळतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बाटली उचलते, आपल्या हाताने ओट्यावर शिंपडते आणि हात जोडते. "आई, तुम्हाला त्रास नको." सासूच्या डोळ्यांत पाणी. सून सासूचं मन जिंकते.

मी समोशाला हात लावला नाही. तो ओटा मी बघितलेला होता. डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला. माझ्या ताईच्या सासरचा ओटा.

आम्ही आंबिवलीचे. ताई कल्याणला एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिने लव्ह मॅरेज केलेलं. मुलगा एमआयडीसीत इंजिनीयर, घरचे सगळे शिकलेले. "आम्ही जातपात मानत नाही हं," असं साखरपुड्यात सारखं सांगत होते. एवढं सारखं का सांगतात, असं आई तेव्हाच म्हणालेली.

लग्नानंतर मी ताईला भेटायला गेलेलो. तिने चहा केला, कप बाहेर आणले, साखर राहिली म्हणून परत आत गेली. सासू बाटली घेऊन उभी. ओटा ओला. वास बाहेरपर्यंत आला. ताईने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आईचं वय झालंय गं. थोडं समजून घे." ताईने सासूच्या हातातून बाटली घेतली आणि सगळी ओट्यावर उलटी केली. "आता नीट धुवा. मी चालले." चपला घातल्या. मी तिची बॅग उचलली. त्या घरात ती पुन्हा गेली नाही.

मॅडमना हे कुठून कळलं? ताईनेच सांगितलेलं.

कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे असोसिएट होतो. म्हणजे लेखकांच्या मागे लागायचं, एपिसोडच्या गोष्टी जुळवायच्या, शिव्या खायच्या. मी राहतो कुठे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि एक दिवस अचानक, "अरे, घरी जेवायला बोलव की आम्हाला. तुमच्याकडची सुकट खायचीय मला." आल्या. खुर्ची ठेवलेली, तरी जमिनीवर बसल्या. आई हरखून गेली. मी नाही. विनाकारण जमिनीवर बसणाऱ्या माणसाची मला भीती वाटते.

ताईचा हात हातात घेऊन त्यांनी सगळं विचारून घेतलं. "किती सोसलंस गं!"

"सोसलं नाही मॅडम. निघून आले."

मॅडम मान हलवत राहिल्या. त्यातलं 'सोसलं' एवढंच त्यांनी गाडीत घालून नेलं, हे मला त्या मीटिंगमध्ये कळलं.

मीटिंग संपली आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काँग्रॅच्युलेशन्स. या सुनेच्या ट्रॅकपासून तू क्रिएटिव्ह प्रोड्यूसर. टायटलमध्ये नाव येणार तुझं. आडनावासकट."

आडनावासकट. हे वेगळं का सांगावं लागलं? बाकी कुणाच्या आडनावाची आमच्या ऑफिसात कधी चर्चा झालेली मी ऐकली नव्हती.

क्रिएटिव्ह प्रोड्यूसर म्हणजे काय, हे आईला मी असं सांगितलेलं. पैसा त्याचा नसतो, कॅमेरा त्याचा नसतो. पण गोष्ट त्याची. लेखकाने काय लिहायचं, सेटवर काय शूट व्हायचं, एडिटमध्ये काय राहणार आणि काय उडणार, चॅनलपुढे कुठे अडून बसायचं, हे तो ठरवतो. पडद्यावर कुणी काही बोललं तर जाब त्याला विचारायचा.

म्हटलं, चला, मलाच विचारणार असतील तर मी सीन बदलतो. लेखकाला घेऊन बसलो. नव्या सीनमध्ये सून बाटली उलटी करते आणि घर सोडते. घोडबंदर रोडच्या बंगल्यात आमचं शूटिंग चालायचं. नायिकेने कागद वाचला. "सर, हे करायला मजा येईल." सेटवर मला पहिल्यांदाच कुणीतरी सर म्हणालं. लाईट लागले. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मला नाही, डायरेक्टरला. त्याने माझ्याकडे न बघता जुना सीन मागवला.

मी तडक ऑफिस गाठलं.

"अरे वेड्या, सून निघून गेली तर सिरियल कुठे जाईल?"

"मॅडम, माझ्या बहिणीचं आयुष्य आहे ते."

"म्हणून तर नाव तुझं दिलंय ना."

त्या हे अगदी प्रेमाने बोलल्या. पाठीवर हात ठेवून.

प्रोमो लागला तेव्हा मी घरी होतो. ताईही होती. पडद्यावरच्या मुलीने हात जोडले. ताई टीव्हीकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तू होतास ना तिथे? मी हात जोडलेले?"

"नाही."

"मग हिने कसे जोडले?"

"ताई, मी बदललेलं सगळं. त्यांनी ऐकलं नाही."

"नाव कुणाचं येणारे?"

मी टीव्ही बंद केला. ती उठली आणि आत गेली. 

प्रोमोवरून बोंब उठली. कल्याणहून बायका आल्या, कॉलेजची मुलं आली. ऑफिसखाली उभी राहिली. घोषणा नाहीत, दगड नाहीत. नुसती उभी. "हा सीन कुणी पास केला, त्याने खाली यावं," एवढंच वॉचमनकडून सांगून पाठवलेलं.

मॅडमनी मला खिडकीपाशी नेलं. "बघ, तुझेच लोक आहेत. पण खाली जायच्या आधी एक बाईट देऊन टाक." त्यांचा प्रसिद्धीवाला फोनचा कॅमेरा धरून तयारच होता. वाक्यं मॅडमनी तोंडी सांगितली. "मी स्वतः याच समाजातला आहे. क्रिएटिव्ह प्रोड्यूसर म्हणून हा सीन मीच मंजूर केला. माझ्या भावना दुखावलेल्या नाहीत." मग माझी कॉलर नीट केली. "आणि थोडं हसून बोल."

तेव्हा सगळं एका रांगेत लागलं. सुकट. जमिनीवर बसणं. ताईचा हात. प्रोड्यूसरची खुर्ची, केबिन, आडनाव. या तीन वाक्यांसाठी एवढा खर्च केलेला माझ्यावर.

फोनचा लाल ठिपका लागला. मी बोललो.

"हा सीन मी मंजूर केलेला नाही. ज्या बाईवर तो बेतलाय ती माझी सख्खी बहीण. तिने कुणापुढे हात जोडले नव्हते. ती ते घर सोडून निघून आली."

"कट कर," मॅडम म्हणाल्या. "डिलीट कर ते." मग माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच आवाज चढलेला. "अरे, कृतघ्न आहेस. कुणी उभं केलं तुला?"

"मी उभाच होतो मॅडम. बसवलं तुम्ही."

जिना उतरलो. खालच्या बायकांपुढे तेच पुन्हा बोललो, शब्दही न बदलता. त्यांच्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "मग एवढे दिवस त्यांच्यात काय करत होतास?" बरोबर विचारलं तिने. माझं ऐकून तिने लगेच विश्वास ठेवावा असं मी काय केलेलं?

सीन लागलाच. माझ्या नावासकट लागला. नंतर वकिलाकरवी नाव काढायला लावलं, पुढच्या एपिसोडांतून गेलं. त्या एपिसोडात अजून आहे. कुणीही फोनवर उघडून बघू शकतं. ताई म्हणाली, "बघणारे त्या हात जोडणारीलाच लक्षात ठेवणार." मी तिला खोटा धीर दिला नाही.

परवा दुसऱ्या एका कंपनीतून फोन आला. गोड आवाज. "सर, आमच्याकडे एक मस्त विषय आहे. तुमच्यासारखाच क्रिएटिव्ह प्रोड्यूसर हवाय."

"माझ्यासारखा म्हणजे?"

"म्हणजे... त्या जगातला."

"एडिटमध्ये शेवटचा शब्द कुणाचा?"

"ते बघू ना सर. बसून बोलू."

"बसणार नाही. आत्ता सांगा. लेखी द्याल?"

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

असे फोन अजून येतील. दर वेळी हाच प्रश्न विचारणार. जिथे कात्री माझ्या हातात नसेल, तिथे पडद्यावर माझं आडनाव लागणार नाही. लावून बघा.