पाच मिनिटांचा अंधार
चुलीत जळणाऱ्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा वास आला की मला घाटंजीकडचं ते शेत आठवतं. एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून सरकणार होता, तारा काही क्षण दिसेनासा होणार होता आणि ते नेमकं त्याच पट्ट्यातून दिसणार होतं, म्हणून आम्ही तिघं हौशी माणसं तिन्हीसांजेलाच दुर्बीण घेऊन पोचलो होतो. पण शेतातल्या घरापुढं खांबावर भला मोठा बल्ब जळत होता. मी जरा चिडूनच म्हणालो, "मावशी, पाच मिनिटं तो बल्ब बंद करा ना." चुलीपुढची बाई उठली. "कायले?" मी समजावून सांगितलं. ती आतून कुऱ्हाड घेऊन आली, बटण बंद केलं आणि नाल्याकडच्या झुडपांकडं तोंड करून आमच्या पाठीशी उभी राहिली. मला हसूच आलं. तारा खरंच विझला आणि बघता बघता पुन्हा चमकला. आम्ही ओरडलो, मिठ्या मारल्या. तिनं आधी बल्ब लावला, मग विचारलं, "आला का वापस तुमचा तारा?" "आला की!" "बरं झालं. पोळ्याच्या आधी असीच लाइन गेलती. आमचे मालक डीपी पाहाले नाल्यापर्यंत गेलते, तं वाघानं ओढून नेलं." एवढं बोलून ती भाकरी उलटायला बसली. हल्ली मी कुणाच्याही दारातला दिवा बंद करायला सांगत नाही. उजेडात फिके तारे दिसत नाहीत, तर न दिसोत.