कड्याला लटकलेला नायक

मलकापूरला कॉलेजात होतो तेव्हा दुपारच्या सुट्टीत मी लायब्ररीतली ऐतिहासिक कादंबरी फोनवरून आईला वाचून दाखवायचो. डोणगावच्या शेतात तिच्यासोबत निंदणाऱ्या साऱ्याच बाया ती ऐकायच्या. फोन सगळ्यांत हळू निंदणाऱ्या म्हाताऱ्या मावशीजवळ असे, म्हणून एरवी पुढे पळणाऱ्या बायाही तिच्या बरोबरीने सरकत.

पुस्तक परत करायच्या दिवशी नायक गडाच्या कड्याला लटकत होता. मी म्हणालो, "पुस्तक आज परत द्यायचं आहे. बाकीचं पुढच्या आठवड्यात, परत मिळालं की."

"त्याले तसाच लटकत ठेवून पुस्तक वापस करतं काय?" मावशीने विचारले.

मी लायब्ररीच्या पायरीवर बसून वाचू लागलो. फोनवर पलीकडे विळ्यांचा आवाज थांबला. माझ्या शिक्षणाची इतकी गरज तोवर कुणाला वाटली नव्हती.

नायक वर चढला.

"निंदा आता, बायांनो," मावशी म्हणाली. "तो काई मरत नाई."