माहेरी आणण्याचा परवाना

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं. दिवस भरत आले की बाप जाऊन मुलीला घेऊन येतो. आमची मुलगी जळकोटजवळच्या खेड्यात दिलेली, आम्ही लोह्यात. मोटारसायकलवर दीड-दोन तास. मधे जिल्ह्याची हद्द लागते हे मला नकाशातून माहीत होतं, रस्त्यावर ती कधी दिसली नव्हती.

टाळेबंदीत दिसायला लागली. आडवी बल्ली, मांडव, चार खुर्च्या आणि एक फलक. परवान्याशिवाय माणसाला पलीकडे जाता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना उघडं रान होतं, त्यातून शेळ्या खुशाल दोन जिल्ह्यांत चरत होत्या. मी त्यावर घरी विनोदही केले.

मग मुलीचा फोन आला. "अप्पा, पाय लई सुजून राहिलेत. डोकं सारखं दुखतंय."

जावई पुण्यात अडकलेला. घरात थकलेले सासू-सासरे. एसटी बंद. गावातल्या डॉक्टरनं रक्तदाब पाहून मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. उदगीर जवळ होतं, पण नेणार कोण? मी जाऊन तिला नांदेडला दाखवायचं ठरलं.

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. गल्लीतले निम्मे अर्ज माझ्या हातचे. मुद्दे क्रमानं यावेत, असा माझा आग्रह. म्हणून परवान्याच्या अर्जात मी लिहिलं: 'मुलीस पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणणे.' रक्तदाबाचं त्याच्या खाली, दुसऱ्या वाक्यात. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'कारण अत्यावश्यक स्वरूपाचे नाही.'

मी कचेरीत फोन लावला. पलीकडचा कारकून सभ्य होता, हीच पंचाईत.

"गुरुजी, रीतीभाती नंतर करू. सासरी बाळंतपण होत न्हाई का?"

"होतं. पण तिचं बीपी—"

"मग वैद्यकीय कारणाचा नवीन अर्ज टाका. डॉक्टरची चिठ्ठी जोडा."

चिठ्ठी मुलीकडे. तिच्या सासूनं मोबाइलवर कसाबसा फोटो काढून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर: जोडपत्र अस्पष्ट. मुलगी फोनवर आता कमी बोलायची. "निघालात का?" एवढंच विचारायची.

समोरचा झेरॉक्सवाला मला त्याच्या घरातल्या कॉम्प्युटरवर अर्ज भरून द्यायचा. त्या दिवशी तो खुर्ची मागं सारून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खरं लिहून राहिलात, म्हणून अडकून राहिलात. मयत लिहा. मयतीला लगेच मिळून राहिला पास."

"कुणाची मयत?"

"तुमच्या अम्मा गेल्या ना?"

"अकरा वर्षं झाली."

"दाखला हाय ना? बस्स."

माझी बायको दारात उभी होती. पाच दिवसांत ती माझ्याशी धड बोलली नव्हती. म्हणाली, "लिहा. सासूबाईंना राग येणार न्हाई."

मुलीच्या सासरचं गाव हेच आईचं गाव म्हणून लिहिलं, आणि चाळीस मिनिटांत पास आला. दाखल्यावरची तारीख कुणी वाचली नसावी. जिवंत पोरीचा रक्तदाब ज्यांना अस्पष्ट दिसला, त्यांना अकरा वर्षांपूर्वीचं मरण लख्ख दिसलं.

हद्दीवरच्या शिपायानं 'अंत्यविधी' वाचलं आणि आवाज खाली आणला. "सावकाश जा, काका." त्या सहा दिवसांत सरकारच्या बाजूनं आलेली ती एकच प्रेमळ गोष्ट, आणि ती मी चोरली होती.

गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. तोंडाला उपरणी बांधलेले दोघं काठ्या घेऊन उठले.

"बाहेरच्याला बंदी हाय."

मी व्याह्यांचं घर सांगितलं. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग थोरल्यानं स्वतःच्या हातानं काट्या बाजूला ओढल्या आणि म्हणाला, "पाहुणे, घरी कुणी न्हाई. सकाळी सूनबाईला फीट आली. भाजीच्या टेम्पोत घालून उदगीरच्या दवाखान्यात नेलं."

मुलगी वाचली. मूल वाचलं नाही.

टाळेबंदी गरजेची होती की सरकारचा अतिरेक, यावर लोक अजून चहा पिता पिता वाद घालतात. मी मधे पडत नाही. माझ्याबरोबर शिकवणारे दोघं त्या आजारानं गेले, तेव्हा आजार खोटा होता असं मी म्हणणार नाही. बल्लीही लावावी लागली असेल. पण बल्लीपाशी थांबलेल्या माणसाचं म्हणणं ऐकायचा अधिकार त्या अख्ख्या रस्त्यावर एकालाही दिलेला नव्हता. सगळ्यांना फक्त कागद बघायचा अधिकार होता. आणि जन्मभर कागदावरच भरवसा ठेवलेला मी, पहिला अर्ज, दुसरा अर्ज म्हणत घरात बसून राहिलो. शेळ्या गेल्या तशी रानातून पायी वाट काढायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला आजही झोपेतून उठवतं ते हे, सरकार नव्हे.

दवाखान्यात मला पलंगाच्या पायथ्याशी उभं राहू दिलं. मुलीनं डोळे उघडले.

"सहा दिवस, अप्पा?"

मी सांगायला लागलो. पहिल्या अर्जात काय लिहिलं, कारकून काय म्हणाला, फोटो कसा पुसट आला. चिठ्ठीपर्यंत पोचलो तेव्हा तिनं भिंतीकडं कूस वळवली. मला थांबता आलं नाही. उरलेलं मी तिच्या पाठीला सांगितलं.