दिनेशने निवडलेला कॉम्प्रेसर

दिनेश गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात खिळे तोलत होते. माझ्या भावजयीचा, सुनीताचा फोन आला. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच बोलली. समोरच्या गिऱ्हाइकाला पुडी बांधून दिली, शटर खाली ओढलं आणि काशीगावहून रिक्षा करून भाईंदरला पोचले. तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले आणि निघून गेले. मग माणसं यायला लागली, आणि जो तो एकच वाक्य बोलायला लागला... किती छान मरण, झोपेत गेला, कसला त्रास नाही. त्या दिवशी मीही मान हलवली. आता कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझ्या धाकट्या भावाला त्रास झाला होता. तो त्याने लपवला होता.

दिनेश एका कंपनीत परचेस खात्यात होता. तीन ठिकाणची कोटेशनं घेतल्याशिवाय तिथे टाचणीही विकत घेत नाहीत, आणि ती सवय त्याने घरी आणली होती. कुकरची शिटी घ्यायची तरी हा तीन दुकानं फिरणार. त्याला एक नाद होता, लाकडाच्या छोट्या होड्या करायचा. दर रविवारी स्कूटर काढून पालीला, समुद्रकाठच्या कोळीवाड्यात जायचा. तिथल्या म्हात्रेकाकांची मासेमारीची होडी होती. तिची मापं घेऊन हातभर लांबीची हुबेहूब होडी तो करत होता. पूर्ण झाली की काकांनाच द्यायची, असं ठरलं होतं. लाकूडकाम सुरेख झालं, पण रंग ब्रशने दिला आणि सगळं बिघडलं. एवढ्याशा होडीवर ब्रशचा एकेक ओरखडा दोरखंडासारखा जाड दिसतो. म्हणून त्याला एअरब्रश हवा होता. पेनाएवढं फवारणीचं यंत्र असतं ते, आणि त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर लागतो.

काकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. "आमी अख्खी होडी डब्यात ब्रश बुडवून रंगवतो, आन् तुला ही पिचकारी कशाला रं? होळी खेळतोस काय?" दिनेश हसला आणि कामाला लागला. माझं हार्डवेअरचं दुकान, सुतारांना पॉलिशच्या गन आणि कॉम्प्रेसर मीच विकते, त्यामुळे वर्षभर माझं डोकं त्याने खाल्लं. मी त्याला सुतारांचा कॉम्प्रेसर दाखवला. त्याने तो चालू करून बघितला आणि कानावर हात ठेवले. "ताई, हा घरात लावला तर सोसायटी मला बाहेर काढेल." मग त्याने परस्पर एक टाकी नसलेला, डब्याएवढा स्वस्त पंप मागवला. त्यातून हवा धक्क्याधक्क्याने यायची. तो तापायचा, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत मध्येच पाणी थुंकायचा. होडीवर देवीच्या व्रणांसारखे ठिपके उठले. वर आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे शेठ जिना चढून आले. "दिनेशभाई, घर में चक्की डाली है क्या? तो मेरा भी आटा पीस दो."

मग मात्र आमच्या दिनेशसाहेबांनी रीतसर खरेदी काढली. टाकी हवीच, म्हणजे हवा एकसारखी येते. हवेतलं पाणी अडवणारी बाटली हवी. आवाज इतका कमी हवा, की सुनीता दुपारी आत झोपली असेल तर तिची झोप मोडता कामा नये. सुनीता शिवणकाम करते, पहाटे उठते, दुपारी तासभर पडते. फवारणीचं पेनसुद्धा असं हवं, की रंगाची वाटी वर असेल, थोडक्या रंगात काम होईल. खटका दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, दोन्ही वेगवेगळं हाताळता आलं पाहिजे. रंगसुद्धा पाण्यात मिसळणारे, वास नसलेले. तरी बाल्कनीत पंखा बसवला आणि तोंडाला मास्क. पहिला एअरब्रश घेणारी पोरं दुकानात येऊन फोटोत छान दिसेल ते उचलतात. मी आता त्यांना दिनेशची यादी तोंडपाठ म्हणून दाखवते.

यंत्र दसऱ्याच्या तोंडावर आलं. खंडेनवमीला सुनीताने शिलाई मशीनबरोबर त्याचीही पूजा केली, फूल वाहिलं आणि फवारणीच्या पेनाला भरभरून हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं रंगाच्या वाटीत पडलं. याने बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचा पहिला हात मारला, तर होडी गुलाबी. काकांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "माझी होडी हाय का नवरी?" सुनीता ओशाळली, पण दिनेश एक शब्द बोलला नाही. पेन सुटं केलं, एकेक भाग धुतला, होडी घासून पुन्हा पांढरी केली. कुणाला वाईट वाटेल असं काही बोलायचंच नाही, हा त्याचा स्वभाव. सगळे त्याचं कौतुक करायचे. मीही करायचे. आता करत नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर म्हात्रेकाका माझ्याजवळ येऊन बसले आणि डोळे पुसत सांगायला लागले. शेवटच्या रविवारी दिनेश पालीला आला होता. गल्लीचा चढ चढताना मध्येच एका ओट्यावर बसला. छाती दाबून धरली होती, घामाने शर्ट भिजला होता. "मी म्हनलं, काय होतंय रं? तर बोलला, ॲसिडिटी हाय, चार दिवस चाललंय. वैनीला सांगू नका, उगाच घाबरंल." काका हे असं सांगत होते, जणू भल्या माणसाची एक छान आठवण. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "ओवा दिला ना. मनापन छातीत होतं तसं मधूनमधून. ओवा खाल्ला का जातं."

मी भर मांडवात ओरडले. म्हाताऱ्या माणसावर ओरडू नये, हे मला कळतं. पण ज्या माणसाने पेनाच्या टोकाच्या, नोझलच्या भोकासाठी ओळखीच्या-अनोळखी दहा जणांना विचारलं, त्याने छातीसाठी एका डॉक्टरला विचारलं नाही. टाकीत दाब वाढला तर आपोआप उघडणारी झडप आहे ना, हे त्याने दुकानदाराकडून दोनदा खात्री करून घेतलं होतं... आणि स्वतः घामाघूम होऊन ओट्यावर बसला, तेव्हा बायकोला त्रास नको म्हणाला! याला कुणी प्रेम म्हणू नये. तिला काय हवं ते त्याने एकट्याने ठरवून टाकलं.

त्यात आमच्या नातेवाइकांनी आणखी एक घोळ घातला. एका आतेभावाने बाल्कनीतलं यंत्र बघितलं आणि निकाल दिला, रंगाच्या धुरानेच छाती गेली. ते सुनीताच्या डोक्यात घट्ट बसलं. घरात ते यंत्र घ्यायला हो तिनेच म्हटलं होतं. दोन आठवडे ती बाल्कनीचं दार उघडत नव्हती. मग मला म्हणाली, "ताई, ते दुकानात घेऊन जा. विका, फेका. मी नाही म्हटलं असतं तर हे आज असते." मी आयुष्यभर थिनर विकलाय, कशाचा धूर छातीत जातो ते मला कळतं. तिला सांगितलं, अगं, त्या रंगात धूर नव्हता गं, पाणी होतं. तिला पटेना. मग पालीची गोष्ट सांगितली, ओटा, घाम, ओवा, सगळं. तिला सांगू नका असं काकांना म्हणाला होता, हेही सांगितलं.

ती शिलाई मशीनसमोर बसली. मला वाटलं, आता रडेल. पण रडली नाही. "चार दिवस?" म्हणाली. "चार दिवस माझ्या शेजारी झोपत होता आणि कुशी बदलत होता, ते गादीमुळे म्हणाला मला. मी त्याची गादी उन्हात टाकली हो, ताई!" इतक्या वर्षांत तिने त्याला 'हे' सोडून कधी काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "कुठला पंप घेऊ, कुठला पंप घेऊ म्हणून जेवतानासुद्धा माझा जीव खाल्ला. आणि हे सांगायला तोंड नव्हतं मेल्याला?" मग ती उठली, बाल्कनीचं दार धाडकन उघडलं आणि बाहेर गेली. मी मागे गेले. होडी कॉम्प्रेसरशेजारच्या स्टुलावर होती, एका बाजूला निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, दुसऱ्या बाजूला नुसती पांढरी. सुनीताने तिच्याकडे बघितलं, फोन उचलला आणि म्हात्रेकाकांना लावला.

"काका, होडी तुमचीच आहे, तुम्हालाच मिळणार. पण तुमच्या छातीत दुखतं म्हणे. आधी डॉक्टरकडे जा, कार्डिओग्राम काढा, तो कागद इथे घेऊन या, मग होडी न्या. तोवर मिळणार नाही."

पलीकडून काकांचा आवाज मलाही ऐकू आला. "अगो, मना काय झालंय?"

"तेच बघायचंय," सुनीता म्हणाली.

काका अजून आलेले नाहीत. सुनीता त्यांना रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी फोन करते, भांडते आणि ठेवते. होडीवर धूळ बसू नये म्हणून तिने तिच्यावर ओढणी टाकली आहे. कॉम्प्रेसर मी दुकानात नेलेला नाही. तो बाल्कनीत त्याच्या जागी आहे, आणि दुपारी सुनीता हल्ली झोपत नाही.