पांढरे हातमोजे

"आधी हे घाला. मग मालाला हात लावा."

एवढं बोलून त्या माणसाने माझ्या बायकोसमोर पांढरे हातमोजे टाकले. दिल्लीतला घाऊक खरेदीदारांचा हस्तकला मेळा. आमच्या टेबलावर नारळाच्या करवंटीची कर्णफुलं, बांगड्या, माळा. सगळं शेवंतीनेच कापलेलं, काचपेपरने घासून गुळगुळीत केलेलं. तिचे हात मात्र काळे. लग्नाआधीपासून ती वेंगुर्ल्यात काजू फोडायला जायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं. पेरांत डाग बसतात.

ती हसली. "माजोच माल, आनि माकाच मोजे?"

तो हसला नाही. मला विचारलं, "ह्या कोण?"

मोठा खरेदीदार. मागे आणखी चार जण थांबलेले. मी म्हणालो, "घरात मदत करते."

"मग कारागीर तुम्ही?"

"हो."

मी एस.टी.त कंडक्टर होतो. आयुष्यभर तिकिटं फाडली. करवंटीला कधी ब्लेड लावलं नाही.

इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं. पण मोजे मी घातले. तिच्या हातांत, माझ्या हातांनी. बोटं सुजलेली, आत जात नव्हती. मी ओढले. ती माझ्याकडे बघत होती. मी मोज्यांकडे.

ऑर्डर मिळाली. सहा वर्षं प्रत्येक पाकिटातल्या कार्डावर माझा फोटो. खाली छापलेलं, तिसऱ्या पिढीचा कारागीर. वाडीतल्या नऊ बायका शेवंतीकडे शिकल्या, कामाला लागल्या. ती पुन्हा मेळ्याला आली नाही. मोजे धुऊन तिने पडवीत, कामाच्या जागेवर, खिळ्याला लावले. वारा आला की हलायचे. दहा बोटं, आत कुणी नाही. मी मागल्या दाराने ये-जा करू लागलो. स्वतःच्याच घरात.

गेल्या महिन्यात त्या खरेदीदाराचा फोन आला. "काका, पुढच्या मेळ्यासाठी फिल्म करतोय. तुम्ही काम करताना."

शेवंतीने ऐकलं. माझ्या खाटेवर ब्लेड आणि अर्धी करवंटी आणून ठेवली. आठवडाभर मी चोरून कापत होतो. बहात्तराव्या वर्षी. एकही कर्णफूल गोल झालं नाही.

दोन गाड्या आल्या. अंगणात भर दुपारी दिवे लावले. नऊ बायका माडांखाली उभ्या. त्याने ब्लेड माझ्या हातात दिलं. मी ते खाली ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून बोललो.

"मी कारागीर नाही. ही माझी बायको, शेवंती. सगळं काम हिचं. सहा वर्षं मी खोटं बोललो."

कॅमेरा बंद झाला. तो चिडला नाही. त्याचीच भीती वाटली. थोडा विचार केला आणि म्हणाला, "चालेल. बाई असली तर उलट जास्त खपेल." मग आपल्या माणसाला, "गाडीतून मोजे आण. हातांचा क्लोजअप आहे."

नवा जोड आला. कोरा, पांढरा. त्याने तो तिच्याकडे दिला नाही. माझ्या हातात दिला.

शेवंतीने दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"घाला," ती म्हणाली. "सवय आसा तुमका."

माडांखाली कुणी हललं नाही. मोजे घातले तर काम राहणार होतं, हे त्या नऊजणींना कळत होतं. मलाही. मी जोड परत केला.

"हात असेच दिसतील. नाहीतर फिल्म नको."

"काका, विचार करा." तो अगदी हळू बोलला. "मेळ्यात कुणाला जागा द्यायची, हे आम्हीच बसून ठरवतो."

गाड्या गेल्या. माडाखालची एक पुढे आली. "आता आमी काय करूचा, काका?" शेवंती पडवीत जाऊन बसली. पुढची करवंटी घेतली.

ऑर्डर थांबली. जागा मिळणार नाही, असा निरोपही आला. वाडीतल्या दोन घरांनी आमच्याकडे येणं सोडलं. शेवंती कामापुरतं बोलते. माफी मी मागितलेली नाही. कुठल्या तोंडाने मागू.

मेळा पुढच्या महिन्यात आहे. आम्ही दोघं जाणार. आत जागा नाही, तर फाटकाबाहेर टेबल मांडू. ती उघड्या हातांनी काम करेल. खिळ्यावरचा जुना जोड मी काढून पिशवीत ठेवला आहे. तो टेबलावर, मालाच्या पुढे ठेवणार. हे काय म्हणून कुणी विचारलं, तर आधी माझं नाव सांगेन. मग मोजे देणाऱ्याचं.