ओढ्याकाठचं माहेरपण

परवा असोद्याची वांगी भरीत करायला कपाशीच्या काड्यांवर भाजत होतो. त्या धुरानं मला थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, एका ओढ्याकाठी नेलं.

माझी मोठी बहीण, अक्का, लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली होती. आमच्या वडिलांनी, आबांनी, हौसेनं सगळ्यांना बैलगाडीतून तिथं नेलं, करंजाखाली ताडपत्री बांधली. आई भाकरी थापायची, आम्ही गार पाण्यात पाय सोडून बसायचो. अक्का मात्र नुसती झोपायची, भर दुपारी, वाळूवर, ओल्या केसांनी.

"सासरी बी अशीच झोपस का?" आबांनी हसत विचारलं.

"तठे झोप नही लागत, आबा. भेव वाटस."

"नवं घर शे. सवय पडी जाई."

निघताना तिनं आबांचा हात धरला. "आखो दोन दिन राहू द्या ना."

"लोके काय म्हणतीन?" म्हणत आबांनी तिला सासरच्या बसमध्ये बसवलं.

वर्षाच्या आत तिच्या सासरहून निरोप आला, विहिरीवर पाय घसरून अक्का गेली म्हणून. आम्ही कुणीच काही विचारलं नाही.

लेकीचं माहेरपण आपण कसं केलं होतं, ते आबा अजूनही आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात. ते सुरू झाले की आई उठून आत जाते.