भुलाबाईचं नाक

पंखा गरगरतोय. मी हात कोपरापर्यंत साबणानं धुतलेत, आईला उलटसुलट करून दाखवलेत (तिनं पलंगपोस कालच बदललाय), आणि आता माडीवरच्या खोलीत आडवी झालेय. पंधराच मिनिटं, म्हटलं.

खरं तर आज झोपायचा दिवस नाही. आज भाद्रपदातली पौर्णिमा. सहा वाजता गल्लीतल्या अकरा मुली येणार आहेत आणि माझ्या भुलाबाईला नाक नाहीये.

भुलाबाई म्हणजे महिनाभर माहेरपणाला आलेली पार्वती. तिची मातीची मूर्ती, शेजारी तिचा फेटेवाला नवरा भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. रोज संध्याकाळी गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. पण ती अशीच हातावर मिळत नाही. डबा झाकलेला असतो. हलवून दाखवतात, आवाजावरून ओळखायचं.

गेल्या वर्षीपर्यंत आमची भुलाबाई पमाआत्या करायची. पमाआत्या बाबांची मोठी बहीण. शाळेत कार्यानुभव शिकवायची आणि घरी आली की पुन्हा मातीत बसायची. पोळ्याचे बैल, नागपंचमीचा नाग, दिवाळीच्या पणत्या, कुठला सण तिनं दुकानातून आणलेला मला आठवतच नाही. मार्चमध्ये ती गेली. आठ दिवस दवाखान्यात होती, नवव्या दिवशी नव्हती.

गल्लीतली सानिका म्हणाली, "यंदा साच्यातली आणू या का? बाजारात मस्त आल्यात." मी म्हटलं, "कशाला? मी करते ना!" मी हल्ली असं फटकन म्हणून टाकते. वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यातून दुसरी आल्यापासून तर जास्तच. धड जमलं, हात जमले, तिच्या मांडीवरचा बाळ गणोबाही जमला. सकाळपासून तीन नाकं लावली. छान, बारीक, चाफेकळीसारखी. तिन्ही पडली.

डोळे मिटतात. पंख्याचा आवाज हळूहळू जाड होत जातो. धप्प. धप्प. कोणीतरी माती कुटतंय.

पायथ्याशी पमाआत्या बसलीय. पदर खोचलेला, समोर मातीचा गोळा. त्यात कापसाचे पुंजके घालून ती मुठीनं हाणतेय. आमची माती अशीच असते, कापूस घातल्याशिवाय ती धरत नाही. मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. पलंगपोसाचं काय होईल, एवढंच मनात येतं.

"काऊन वं केतकी, हात धुतले?" ती विचारते.

"आईनं धुवायला लावले."

"काम अर्ध्यावर टाकून कोणी हात धुते का? चाल, ऊठ."

"आत्या, तू गेलीयेस ना?"

"गेली ना. मंग काय आता गाणं म्हणू त्याचं?" ती गोळा उलटा करते. "दार लाव, कापूस उडून राह्यला."

मी दार लावायला उठते. दाराबाहेर गच्ची असायला हवी. तिथं आमच्या शाळेचा हॉल आहे. फरशी ओल्या मातीची, पावलं उमटतायत. बाकांवर मुलं नाहीत. बैल आहेत. पहिल्या रांगेत बैल, दुसरीत नाग, मागे पणत्या, सुगडी, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. सगळी आत्याची. स्टेजवर माझं नाव पुकारतात आणि मी ऐटीत चढते, कारण स्टेजला मी आता घाबरत नाही.

"सन्माननीय व्यासपीठ," मी म्हणते आणि माईक धरते. माईक मातीचा आहे, ओला. माझ्या मुठीत वाकतो. मी समोर बघते, आणि मग मला दिसतं.

सगळ्यांची नाकं सारखी आहेत. मोठी, मधेच उंचवटा आलेली, टोकाला जराशी खाली उतरलेली. बाबांचं नाक. आत्याचं. माझं. मावळ्यांना तेच, नागाला तेच. बैलांनासुद्धा!

"आत्या! बैलांना कोणी आपलं नाक लावतं का?"

ती दुसऱ्या रांगेत नागाशेजारी बसलीय, पाय वर घेऊन. "मंग कोणाचं लावू? शेजाऱ्याचं? ज्याच्या घरचा बैल, त्याचं नाक."

सगळा हॉल हसतो. मातीचं हसणं कसं असतं सांगू? मडकी एकमेकांना लागल्यासारखं. मीही हसते. मग माझं हसणं अर्ध्यात थांबतं, कारण ती माझ्याकडे बघतेय.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. कोणालाच सांगितलेली नाही.

आठवीपर्यंत मला वर्गात पोपट म्हणायचे. मी फोटोत कायम समोर बघायची, बाजूनं कधीच नाही. गेल्या वर्षी याच दिवशी, दुपारीच, आत्या पूजेचं ताट करायला खाली गेली होती आणि तिची भुलाबाई पाटावर ओली बसली होती. तेच नाक घेऊन. संध्याकाळी सानिकाची नागपूरची मावसबहीण येणार होती, फोन घेऊन, फोटो काढायला. मी कंपासपेटीतलं करकटक घेतलं आणि नाक तासलं. दोन्ही बाजूंनी, वरून, टोकाकडून. निघालेला तुकडा बोटानं उडवून दिला. मुलींनी फोटो काढले. "कित्ती क्यूट," म्हणाल्या.

आत्या वर आली. तिनं बघितलं. मग भुलाबाईला हळदकुंकू लावलं, खाली बसली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गाणी म्हटली. महिनाभर रोज म्हटली. मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडल्यावर सॉरी म्हणायला बरं पडतं. तिनं विचारलं नाही, मग मी म्हटलं नाही. म्हणू दिवाळीत. म्हणू संक्रांतीला. मग मार्च आला.

हॉल नाहीये आता. आम्ही मांडवात बसलोय, आमच्याच खोलीच्या कोपऱ्यात, पण धांडे इतके उंच आहेत की वर आभाळ दिसतं. आत्याच्या हातात स्टीलचा डबा आहे. झाकण घट्ट.

"ओळख," ती म्हणते आणि हलवते.

टक.

"शेंगदाणा."

"एकच? एवढी चिक्कू हाये का मी?"

"खारकेची बी."

"बीची खिरापत देते का कोणी? आईक नीट."

टक. टक. इतका छोटा आवाज की मी कान डब्याला लावते. डबा गार आहे. आतून ओल्या मातीचा वास येतोय.

"बत्तासा? साखरफुटाणा?"

"गोड नाई."

"मग मी हरले."

"तू कवापासून हरायला लागली वं?" ती डबा माझ्या मांडीवर ठेवते. "खोल."

मला खोलायचं नाहीये. मला कळलंय. स्वप्नात कसं, बघायच्या आधीच माहीत असतं. मी झाकण काढते. तळाशी वाळलेल्या मातीचा एक कपचा आहे, नखाएवढा. एका बाजूला करकटकाच्या रेघा.

"तू उचलून ठेवलंस?"

"मंग? झाडून टाकू का? आपली भुलाबाई कोजागिरीला बादलीत जाते का नाई?"

जाते. आमची भुलाबाई नदीत जात नाही. कोजागिरीला बादलीत बसवतात, ती विरघळते, आणि ती माती झाकून ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच मातीची नवी. बाबांच्या आजीपासून तीच बादलीची माती चाललीय, थोडी भर घालत घालत.

"सारी माती बादलीत गेली," आत्या म्हणते. "हेवढंच मागं राह्यलं होतं."

मी रडते. नाक गळतंय, ते मोठं नाक. शेवटी मी म्हणते, "आत्या, सॉरी. मी तुझ्या भुलाबाईचं नाक कापलं."

"माहीत हाये."

"तू रागावली होतीस?"

"लय." ती लगेच म्हणते. "आठ दिवस तुह्या ताटात मुद्दाम जळकी पोळी टाकली. तुले समजलं बी नाई."

मला रडता रडता हसू फुटतं.

"मग बोलली का नाहीस?"

मांडवात वारं येतं, धांड्यांची पानं एकमेकांना घासतात. "तुह्यावानीच होती मी," ती म्हणते. "पंधराची होती तवा नाकाले कपड्याचा चिमटा लावून निजत जाव. माह्या मायनं पाह्यलं, काई बोलली नाई. मले वाटलं, आपनही बोलू नाई. तुही तुले समजन." मग माझ्याकडे बघून, जरा हळू, "बोलाले पाह्यजे होतं का वं?"

"हो," मी म्हणते. "आणि मीही."

"बरं मंग. झालं ना आता बोलून."

ती कपचा उचलते आणि वाटीतल्या पाण्यात टाकते. बुडबुडा येतो. करकटकाच्या रेघा मऊ होतात, नाहीशा होतात. कच्ची माती कितीही वाळू दे, पाणी मिळालं की परत माती. भाजली की मग नाही. हे मला माहीत होतं, तिनंच शिकवलं होतं पोळ्याच्या बैलांच्या वेळी. पण तेव्हा ते बैलांबद्दल होतं.

"आता सांग, तुही नाकं काऊन पडून राह्यली?"

"माती कोरडी होतेय."

"माती नाई. तू नाक कुठून आणते?"

"वेगळं करते. मग पातळ चिखलानं चिकटवते. नीट, बारीक..."

"चिकटवते!" ती कपाळाला हात लावते, कपाळावर पाचही बोटं उमटतात. "चिकटवलेलं नाक पडनच ना बापा. नाक तोंडाच्या मातीतूनच काढा लागते. गाल दाबायचे, दोन बोटांत धरायचं, अन् वढायचं. मंग ते पडत नाई. कापलं तरच जाते."

"पण ओढून काढलं की ते मोठं होतं."

"होते."

"आपल्यासारखं होतं."

"मंग माहेरी आलेली पोरगी कोणावानी दिसन?" ती पुढे सरकते. आता तिच्या कपाळावर मातीची बोटं आहेत आणि डोळे अगदी जवळ आहेत. "तू तं लय मोठी झाली म्हनते. स्टेजवर जाते, टाळ्या घेते. तवा हे नाक घरी ठेवून जाते का?"

"नाही."

"मंग तिच्या तोंडावर लावाले कायची लाज?"

माझा हात आपोआप नाकाकडे जातो. आत्या हसते, वाटीत अंगठा बुडवते आणि माझ्या नाकाचा शेंडा चिमटीत पकडते. गार. ती ओढते, चेष्टेत, लहानपणी ओढायची तशी.

"असं," ती म्हणते. "पाह्यलं? पडलं का?"

"आत्या, दुखतंय."

"दुखूदे. खिरापत खाऊन जाय."

"कुठली? डबा तर रिकामा..."

पंखा. गरगर. छतावरची पाल. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. खिडकीतून शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या.

पायथ्याशी पलंगपोस स्वच्छ आहे, सुरकुतीसुद्धा नाही. मी हात बघते. नखांतही काही नाही. म्हटलं, असू दे, स्वप्न तर स्वप्न. मी तोंड धुवायला न्हाणीघराच्या आरशासमोर जाते.

नाकाच्या शेंड्यावर माती आहे.

वाळायला लागलेली, कडेनं फिकी. मी वळते. बाजूनं बघते, जे मी कधी करत नाही. अंगठ्याचा ठसा आहे, रुंद, माझ्या अंगठ्याच्या दीडपट. आणि ठशातून एक तिरकी रेघ गेलीय.

"आई!"

आई चहा गाळायचा सोडून येते. "काय झालं? अगं, नाकाला काय लावलंस? हात धुतले होतेस ना? झोपेत खाजवलं असशील."

मी दोन्ही हात पुढे करते. ती बघते. मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते. पमाआत्याचा अंगठा विळीनं कापला होता तेव्हा पट्टी आईनंच बांधली होती. महिनाभर रोज. ती रेघ तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

स्वयंपाकघरात चहा गार होतोय.

"धुऊ?" मी विचारते.

"राहू दे," आई म्हणते. पदरानं डोळे पुसते, पण माझ्या नाकाला पदर लागू देत नाही. "आधी तिचं नाक कर, जा. मुली येतील."

सहाला अजून दीड तास आहे. मी भुलाबाईवरचा ओला फडका सोडते. छोटा आरसा बादलीला टेकवून ठेवते, माझी बाजू दिसेल असा. चेहऱ्याच्या मधोमध दोन बोटं ठेवते, आणि ओढते.